दोन आणि तीन

रात्री लॅपटॉपनं स्वतःला अपडेट करून घेतलं,
मला न विचारता,
आणि सकाळी धक्क्यावरच्या लाकडी खोलीत
नऊ वर्षं इमानानं चाललेली केबल
परकी झाली.
पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह.
उपकरण सुरू होऊ शकत नाही. कोड दहा.

खाली पाण्यात रोवलेल्या नळीशी
भरती-ओहोटी मोजणारं जुनं यंत्र
दर सहा मिनिटांनी आकडा टिपतंच होतं.
यूएसबी त्याच्या गावीही नाही.
नऊ पिनांचं एक तोंड, चाळीस दिवसांची आठवण;
एकेचाळिसावा दिवस पहिल्याच्या अंगावर लिहितं.
आज अडतिसावा.

कचेरीतले ओविदिओ बार्रिया म्हणाले,
नवी घे की, कास्त्रोत दोन हजार पेसोंना मिळते.
घेतली. निळी, आरपार दिसणारी,
आत तांबडा दिवा.
दिवा लागला.
तेवढंच तिला येत होतं.
चिपवर नामांकित कंपनीचं नाव, अक्षर न अक्षर बरोबर.
नाव सोनूबाई, आत नुसतं कथील.
नव्या ड्रायव्हरनं नाडी धरली आणि सांगून टाकलं :
ही ती नव्हे.

मग जुनीचं कवच मी नखानं उचकटलं.
तीच अक्षरं. जरा तिरकी.
म्हणजे नऊ वर्षं
खोट्या नावावर खरं काम करत होती बाई,
आणि एकही आकडा चुकला नव्हता.

दुपारच्या फेरीबोटीनं आचाओला गेले,
इर्मा मियाकुराकडे. कोळ्यांच्या बोटींवरचे रेडिओ
चाळीस वर्षं तिनं दुरुस्त केले.
चुलीवर बटाट्याचे मिल्काओ, खणात केबलींचा गुंता.
रंग बघू नकोस, म्हणाली, दिवाही बघू नकोस.
पाठीवर स्वतःचा क्रमांक आहे का बघ, आणि तोच आतही सापडतो का.
फार स्वस्त असेल तर समज, कुणीतरी कुठेतरी
काहीतरी गाळलंय.
जुना ड्रायव्हर परत बसवता येतो, हो,
पण पुढच्या अपडेटला पुन्हा हेच रडगाणं.

गुंत्यातून एक करडी केबल निघाली,
जड, कुरूप, पावशेर वजनाची.
इर्मानं अंबाड्यातला आकडा काढला,
वाकवला, आणि दोन न् तीन पिनांवर
आडवा धरला.
दोनवर ऐकायचं, तीनवर बोलायचं.
आता टाइप कर काहीही.

मी लिहिलं : पाणी.
पडद्यावर आलं : पाणी.
आकडा उचलला. लिहिलं. काहीच नाही.
परत टेकवला. पाणी.

हसलो आम्ही दोघी.
इतकंच तर मागतो आपण कुणाकडून :
दिलेला शब्द
वाटेत न बदलता परत यावा.

एकोणचाळिसाव्या दिवशी, पहाटे,
करडी केबल यंत्राच्या तोंडाला लावली.
आधी नुसता चिखल आला,
चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटी अक्षरं.
वेग चुकला होता माझा.
नऊ हजार सहाशे, आठ बिट, पॅरिटी नाही, थांबा एक,
हे नऊ वर्षं मी पुटपुटत आले,
आणि त्या दिवशी घाईत विसरले.

मग आकडे आले.
एकाखाली एक, थंडीत उठलेल्या माणसांसारखे
एकेक करून.
सव्विसाव्या रात्रीशी मी थांबले :
सहाशे एकवीस सेंटिमीटर.
त्या रात्री शेजारच्या रोसेन्दोची शिडी वाहून गेली,
तो म्हणत होता पाणी दारापर्यंत आलं,
आणि कुणी खरं मानलं नव्हतं.
कागद छापून त्याच्या दाराखालून सरकवला.

जुनी केबल फेकवली नाही.
कवच दाबून बसवलं, खिळ्याला टांगली,
वर चिकटपट्टी लावून लिहिलं,
पुढे इथे जो कुणी येईल त्याच्यासाठी :
फक्त जुन्या ओळखीवर चालते.